वूव्रेचं एक वाइन घराणं, एकच द्राक्ष आणि चिंच-गुळाची आमटी

नदीकाठची

मागच्या शनिवारी घरी आमटी-भात होता. गोडा मसाला, चिंच, गूळ, वरून ओलं खोबरं, सगळं रीतसर. आदल्या दिवशी पाहुण्यांसाठी उघडलेली पांढऱ्या वाइनची अर्धी बाटली फ्रिजमध्ये शिल्लक होती, ती नवऱ्याने सहज पानाशेजारी आणून ठेवली. आमटी-भाताचा घास आणि त्यावर एक घोट. आम्ही दोघंही बोलायचे थांबलो. अकरा वर्षं मी या वाइनच्या गावाशेजारी राहते आणि ती आमटीसोबत पिऊन बघावी हे एकदाही सुचलं नव्हतं. म्हणून हा धागा काढतेय.

मी फ्रान्समधल्या तूर शहरात राहते. ल्वार नदी ओलांडून काठाकाठाने पूर्वेला निघालं की सायकलवर पाऊण तासात वूव्रे येतं. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या दगडाचा उभा कडा. कड्यात दारं आहेत, खिडक्या आहेत, पडदे आहेत, कारण लोक आतच राहतात. हा दगड म्हणजे तुफो, मऊ चुनखडी. ल्वारकाठचे राजवाडे बांधायला शतकानुशतकं तो इथूनच कापून नेला, आणि कापून झालेल्या खाणी आज वाइनची तळघरं झाल्या आहेत. भर उन्हाळ्यातही आत बारा अंशांच्या आसपास, भिंतीला हात लावला तर ओला लागतो. कड्याच्या माथ्यावर द्राक्षमळे.

आमची ती बाटली दोमेन ह्युए या घराण्याची होती. व्हिक्तोर ह्युए यांनी १९२८ साली 'ल ओ-ल्यू' हा मळा घेतला तिथून त्यांची सुरुवात. पण घराण्याला नाव मिळालं ते त्यांचा मुलगा गास्तों यांच्यामुळे. दुसऱ्या महायुद्धातली पाच वर्षं त्यांनी जर्मनांच्या कैदेत काढली, परत आले आणि १९४७ साली वूव्रेचे महापौर झाले, ते थेट १९८९ पर्यंत! अतिवेगवान रेल्वेचा मार्ग वूव्रेच्या मळ्यांतून जाणार म्हटल्यावर हे गृहस्थ विरोधात उभे राहिले. शेवटी ती रेल्वे मळ्यांखालून बोगद्यातून गेली. पॅरिसहून या बाजूला गाडीने येताना बोगदा लागला की मला दरवेळी वाटतं, आपल्या डोक्यावर आत्ता द्राक्षं आहेत.

१९४७ हेच त्यांच्या वाइनचंही विलक्षण वर्ष. त्या कडक उन्हाळ्यातल्या गोड वाइन आजही लोक उघडतात आणि त्या जिवंत निघतात. पुढे जावई नोएल पँगे यांनी कारभार पाहिला. शिक्षणाने ते गणितज्ञ. १९८७ साली त्यांनी थोड्या जमिनीवर बायोडायनॅमिक, म्हणजे एका वेगळ्या धाटणीच्या सेंद्रिय, शेतीचा प्रयोग केला आणि १९९० पासून सगळीच शेती तशी केली, तेव्हा फ्रान्समध्ये हे करणारे अगदी थोडे होते. २००३ साली मालकी अँथनी ह्वांग यांच्याकडे गेली, त्यांचं हंगेरीतल्या तोकाय भागातही वाइनघर आहे. तोकाय म्हणजे गोड वाइनचं माहेरघर, त्यामुळे ह्युएची ओढ त्यांना का वाटली असेल हे मला समजू शकतं.

आता खरी गंमत. सगळी मिळून जमीन ३० हेक्टरच्या आसपास, म्हणजे साधारण ७५ एकर. द्राक्षाची जात फक्त एक, शेनिन ब्लाँ. इथली म्हातारी माणसं तिला अजून 'पिनो द ला ल्वार' म्हणतात. शेनिनचा स्वभाव आंबट, आणि हा आंबटपणा पिकल्यावरही जात नाही. साखर कितीही भरली तरी आम्ल पाय रोवून उभं. म्हणून या एकाच द्राक्षातून ह्युए अगदी कोरड्या वाइनपासून मधासारख्या गोड वाइनपर्यंत सगळं करतात. बुडबुड्यांचीही करतात, 'पेतियाँ' नावाची. तिचा दाब शॅम्पेनपेक्षा कमी असतो, त्यामुळे जिभेवर जरा शांतपणे उतरते.

बाटलीवर तीन शब्द दिसतात. 'सेक' म्हणजे कोरडी, लिटरला जेमतेम चार-सात ग्रॅम साखर. 'दमी-सेक' म्हणजे वीस ग्रॅमच्या आसपास. 'म्वालो' म्हणजे गोड, चाळीसच्या वर, आणि चांगल्या वर्षी शंभराच्याही पुढे. (तुलनेसाठी, दुकानातल्या कोला पेयात लिटरला शंभरावर असते.) म्वालो हा शब्द 'म्वाल'वरून आला, म्हणजे हाडातला मगज. मटणाच्या रश्श्यातली नळी चोखणाऱ्याला तो शब्द त्या वाइनला का दिला हे पहिल्या घोटातच कळेल. कोणत्या वर्षी कोणती किती करायची हे हवामान ठरवतं. थंड साल असलं की सेक जास्त, ऊन चांगलं पडलं की म्वालो. वरून साखर घालत नाहीत.

मळे तीन, आणि माती बदलली की वाइन कशी बदलते हे शिकायचं असेल तर याहून चांगली शाळा मला माहीत नाही. द्राक्ष तेच, माणसं तीच, तळघर तेच. ल ओ-ल्यूमध्ये खोल तपकिरी चिकणमाती, तिथली वाइन मऊ, लवकर ओळख देणारी. 'क्लो द्यू बूर' हा भिंतीने वेढलेला मळा, तिथे मातीचा थर पातळ आणि खाली लगेच चुनखडी. ही वाइन भरदार, तिला वेळ द्यावा लागतो. 'ल मों'मध्ये हिरवट चिकणमाती आणि गारगोट्या. तिची चव ताठ, सरळ, पावसानंतरच्या दगडासारखी. मला विचाराल तर ल मों.

आणि वास! तरुण असताना हिरवं सफरचंद, पेअर, लिंबाची साल. दहा-पंधरा वर्षांनी मध, मेणबत्तीचं मेण, सुकं बिहीचं फळ, आणि एक वास ज्याला इथले लोक 'ओली लोकर' म्हणतात. मला तो पहिल्यांदा आला तेव्हा एकदम आजोळ आठवलं, पावसात भिजून दांडीवर टाकलेली घोंगडी. नेमकी तीच.

इथले लोक हिच्यासोबत काय खातात ते सांगते. नदीतला 'सांद्र' नावाचा मासा, त्यावर लोणी, शॅलट कांदा आणि व्हिनेगरचा पांढरा सॉस. 'रियेत', म्हणजे डुकराचं मांस स्वतःच्याच चरबीत तासन्‌तास मंद शिजवून धागे सुटेपर्यंत मऊ केलेलं, पावावर लावून. बकरीच्या दुधाचं सेंत-मोर चीज. आणि शेवटी उलटा सफरचंद टार्ट, म्वालोबरोबर.

पण आमटीने माझं डोकं फिरवलंय. पांढरी वाइन कोरडीच चांगली, गोडसर वाइन नवशिक्यांची, असं मी इतकी वर्षं ऐकत आणि मानत आले. आता वाटतं, आंबट आणि गोड एकमेकांना धरून असणं ही आपल्या जिभेची जुनी ओळख आहे. दमी-सेकमध्ये तेच आहे. तुम्ही कुणी आपल्या जेवणासोबत असं काही करून बघितलंय का?

साळुंकी

खूप छान लिहिलंय. घोंगडीचा वास वाचूनच नाकात आला.

मी पुण्यात असते, स्वयंपाक हा माझा जीव की प्राण. वाइन कधीमधी. माझी अडचण नेहमी तिखटाची झाली आहे. एका मोठ्या हॉटेलात मसाल्याच्या जेवणासोबत आग्रहाने रेड वाइन दिली होती, तोंड असं पेटलं की पुढचं काहीच लागेना. तेव्हापासून आपलं जेवण आणि वाइन हे जमायचंच नाही असं ठरवून टाकलं होतं. तुमच्या आमटीत तिखट किती होतं?

आणि अळूवडी, कोथिंबीर वडी, भरली वांगी, पुरणपोळी यांचं काय होईल? सविस्तर लिहा ना.

पिंपळगावचा मळेकरी

ताई, धागा आवडला. मी द्राक्षवाला. थॉमसन आणि सोनाका, निर्यातीचा माल. शेजारच्या शिवारात वाइनची द्राक्षं आहेत, त्यात शेनिनही आहे, आम्ही आपलं 'चेनिन' म्हणतो. हेच ना ते?

काही प्रश्न आहेत. तिकडे छाटणी किती वेळा? आमच्याकडे एप्रिलात खरड छाटणी, मग सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि माल जानेवारी ते मार्च. वेल झोपतच नाही, आपणच तिला दोनदा उठवतो. तिकडे बर्फाच्या मुलखात कसं करतात?

दुसरं, बायोडायनॅमिक म्हणजे फवारणी अजिबात नाही का? डाउनी आणि भुरी हे बुरशीचे रोग त्यांना सोडतात का? आमच्याकडे ऑक्टोबरात पाऊस लांबला की डाउनीने घड जातात, रात्र रात्र झोप नसते. औषधाविना बाग कशी उभी राहते हे मला खरंच समजून घ्यायचं आहे.

नदीकाठची

मळेकरी दादा, तुमच्यासारख्याने विचारलं म्हणून मुद्दाम नीट लिहिते.

हो, तेच शेनिन. इथे छाटणी एकदाच, ऐन हिवाळ्यात, वेल पानं टाकून झोपलेली असताना. तोडणी सप्टेंबरअखेरीपासून, गोड वाइनची तर कधी कधी नोव्हेंबरपर्यंत. म्हणजे नवरात्र ते दिवाळी. इथे घड उतरवत असतात त्याच दिवसांत तुमच्याकडे गोडी छाटणीची कात्री चालू असते. वूव्रे ४७ अक्षांशावर, नाशिक २० वर. इथे द्राक्ष पिकायला इतका वेळ लागतो की काही वर्षी पूर्ण पिकतच नाही. तुमच्याकडे ऊन भरपूर, साखर झपाट्याने भरते, आणि आम्ल हातातून निसटू नये म्हणून तोडणी वेळेत उरकावी लागते. तिथेही शेनिन टिकलं याचं कारण हेच असावं, की उन्हातही ते थोडं आंबट राखून असतं.

फवारणी असते. बायोडायनॅमिकमध्येही गंधक आणि तांबं चालतं, भुरीला गंधक, डाउनीला तांबं. तुमचा बोर्डो तो इथलाच ना! मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण याच देशात बोर्दोच्या मळ्यांत १८८० च्या दशकात सुरू झालं, त्या गावाचं नाव आज निफाड-दिंडोरीच्या तोंडी आहे याचं मला फार अप्रूप वाटतं. फक्त तांब्यावर आता युरोपात मर्यादा आहे, सात वर्षांत हेक्टरी २८ किलो. वेलीच्या आत भिनणारी, आंतरप्रवाही औषधं मात्र अजिबात नाहीत. त्यामुळे ओल्या वर्षी यांनाही झोप नसते.

बाकी बायोडायनॅमिकची पद्धत रुडॉल्फ स्टायनर यांच्या १९२४ सालच्या व्याख्यानांतून आली. गाईच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर जमिनीत पुरायचं, मग ते पाण्यात घोळून अगदी थोड्या प्रमाणात शिंपडायचं, चंद्राच्या कला बघून कामं करायची. चंद्राचं मला पटलेलं नाही. पण दोन ओळींमधली गवताने भरलेली, पायाखाली दबणारी माती मी बघितली आहे, आणि शेजारच्या तणनाशक मारलेल्या मळ्यातली टणक मातीही बघितली आहे. मातीपुरतं तरी मी त्यांच्या बाजूने आहे.

पिंपळगावचा मळेकरी

जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं खत, वापरणारे आमच्याकडेही हेच सांगतात, माती भुसभुशीत होते म्हणून. पटतंय.

पण थंडी आणि गारपीट? २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात गारा पडल्या तेव्हा काढणीला आलेला माल आठ मिनिटांत गेला. मणी फुटून रस जमिनीवर, बागेत नुसता आंबूस वास. वडील तीन दिवस बागेकडे फिरकले नाहीत. मी एकट्यानेच तारेवरचे फुटके घड काढले.

नदीकाठची

वाचून गलबललं, दादा.

वूव्रेतही २०१३ साली, १७ जूनला असंच झालं. काही मिनिटांची गारपीट, आणि गावच्या मळ्यांपैकी फार मोठा भाग झोडपला गेला. नवी हिरवी काडीच मोडली, त्यामुळे त्या सालचं पीक तर गेलंच, पुढच्या वर्षी छाटायला धड काडी उरली नाही. आणि एप्रिलमधली गोठवणारी पहाट तर इथला कायमचा घोर. वेलीचे डोळे फुटून कोवळी पालवी आलेली असते आणि एका रात्रीत पारा शून्याखाली जातो. २०१६ आणि २०२१ च्या एप्रिलात ल्वारकाठी हे झालं. त्या रात्री लोक ओळींमध्ये मेणाचे डबे पेटवतात, मोठे पंखे फिरवतात. लांबून बघितलं तर डोंगरभर पणत्या लावल्यासारखं दिसतं, आणि आत माणसं थकून रडकुंडीला आलेली असतात.

पिंपळगावचा मळेकरी

अजून एक राहिलं. गोड वाइनसाठी म्हणे बुरशी लागलेली द्राक्षं घेतात. आमच्याकडे घडात एक मणी कुजला तरी आख्खा घड बाद करतो. हे खरं आहे का?

नदीकाठची

खरं आहे, आणि बुरशी तीच, बोट्रायटिस. फरक हवेचा. शरदात ल्वार आणि तिला मिळणारी सीस नदी यांच्यावरून सकाळी दाट धुकं वर चढतं, त्या ओलाव्यात बुरशी धरते. दुपारी ऊन पडून वारा सुटला की ती वाढायची थांबते. बुरशी मण्याच्या सालीला सूक्ष्म छिद्रं पाडते, त्यातून आतलं पाणी उडून जातं. मागे उरतं ते दाट, साखर आणि आम्ल दोन्ही एकवटलेलं. दिवसभर ओल राहिली तर मात्र तीच बुरशी नुसती कूज करते आणि तुमच्यासारखाच इथलाही माणूस घड फेकून देतो.

म्हणून तोडणी एका दमात होत नाही. तोडणारे त्याच ओळीतून पुन्हा पुन्हा जातात, प्रत्येक वेळी फक्त तयार झालेले घड किंवा घडाचा तुकडा कापतात. पहिल्या फेरीतल्या सगळ्यात दाट मालाची वाइन वेगळी ठेवतात, बाटलीवर 'प्रेमिएर त्री' लिहिलेलं असतं. आणि काही निवडक वर्षी 'क्युवे काँस्तांस' करतात, गास्तों यांच्या आईच्या नावाने, पहिली १९८९ सालची. कोरड्या वाऱ्याच्या वर्षी बुरशी धरतच नाही, मणी नुसता वेलीवर सुकतो.

पिंपळगावचा मळेकरी

म्हणजे वेलीवरचा बेदाणा. तासगावकडे शेडमध्ये जाळ्यांवर टाकून करतात, हे वेलीवरच. समजलं. धन्यवाद ताई.

नदीकाठची

साळुंकी, आता तुमचं.

आमटीत तिखट बेताचं होतं, एक हिरवी मिरची आणि मसाल्यातलं. तुमच्या हॉटेलातल्या अनुभवाचं कारण सांगते. अल्कोहोल मिरचीची आग वाढवतं, आणि रेड वाइनमधलं टॅनिन, म्हणजे जांभळाच्या सालीसारखा तुरटपणा, त्यात भर घालतो. माशाबरोबर तर रेडमधल्या लोहामुळे तोंडात लोखंडी, मासळट वास राहतो. दमी-सेकमध्ये टॅनिन नाही, थोडी साखर आगीवर हात ठेवते, आणि आम्ल तेल-खोबरं धुऊन काढतं. दहीभाताने तोंड शांत होतं ना, काहीसं तसं.

अळूवडीला माझं डोळे मिटून हो आहे. चिंच-गुळाचं पीठ, तीळ, वरचा कुरकुरीत थर, सगळं दमी-सेकच्या ओळखीचं. कोथिंबीर वडीला सेक. कोथिंबिरीचा हिरवा वास आणि तळणीचा तेलकटपणा, तिथे कोरडी आंबट वाइन लिंबू पिळल्यासारखी काम करते. पेतियाँ असेल तर ती आणखी बरी. भरली वांगी, तीच दाण्याचं कूट, तीळ आणि गोड्या मसाल्याची, मी परवाच करून बघितली, दहा वर्षं जुन्या दमी-सेकबरोबर. त्या वाइनला स्वतःलाच भाजल्या दाण्यासारखा वास आलेला होता. दोन्हीत कुठलं काय ते कळेना.

पुरणपोळीला नाही. गोड पदार्थासोबतची वाइन पदार्थाहून गोड लागते, नाहीतर ती नुसती आंबट पाणी होते. पुरणापुढे म्वालोही टिकत नाही. म्वालो जेवणानंतर नुसतीच घ्यावी, फार तर खारे काजू किंवा निळ्या बुरशीचं चीज सोबत.

तांबड्या रश्श्यासमोर मी यातली कुठलीच बाटली उघडणार नाही. तो स्वतःच पुरेसा आहे.

तिसवाडीकर

पणजीहून. उडदामेथी करून बघा ताई. बांगडा, खोबऱ्याचा वाटप, मेथीचे दाणे, आंबाडे आणि गुळाचा खडा. आंबट, गोड, किंचित कडू. तुमचं वर्णन वाचल्यापासून माझ्या डोळ्यांसमोर तेच कालवण आहे.

आमच्याकडे गोड वाइन म्हटलं की लोकांना स्वस्तातली पोर्ट वाइन आठवते, लग्नाच्या टोस्टला ओततात ती. त्यामुळे 'गोडसर' म्हटलं की माणूस नाक मुरडतो. तुम्ही आंबटपणाचं जे लिहिलंय तेच मला पहिल्यांदा नीट समजलं. नुसती साखर असली की चिकट, मागे आम्ल असलं की पुढचा घोट घ्यावासा वाटतो. आमच्या सोलकढीचंही तेच.

सोलकढी आणि ही वाइन एकाच जेवणात चालतील का?

नदीकाठची

उडदामेथी! इथे आंबाडे कुठून आणू? बाकी सगळं मिळेल. नक्की करणार.

सोलकढी शेवटी वेगळी घ्या. आमसुलाचा आंबटपणा वाइनपेक्षा वरचढ होतो आणि मग वाइन पाणचट लागते. पदार्थाहून वाइन किंचित जास्त आंबट असावी, हा एकच नियम मी पाळते.

वाचनमात्र

मी वाइन घेत नाही आणि घेणारही नाही, पण धागा शेवटपर्यंत वाचला. त्या कड्यातल्या घरांबद्दल आणि शाकाहारी माणसाला तिथे काय खायला मिळतं याबद्दल लिहाल का? पुढच्या वर्षी मुलीकडे पॅरिसला येणार आहोत.

नदीकाठची

काका, अवश्य या. तुमच्यासाठी इथे एक खास गोष्ट आहे, 'फुए'. कड्याच्या गुहांमध्ये लाकडावर तापवलेल्या भट्ट्या असतात. कणकेचा गोळा लाटून लांब फळीवरून आत सरकवतात, एक-दोन मिनिटांत तो टम्म फुगतो. बाहेर आला की चीर देऊन आत लोणी, शिजवलेले पांढरे घेवड्याचे दाणे किंवा बकरीचं चीज भरायचं. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा तोंडातून 'भाकरी' असंच निघालं. फक्त पीठ गव्हाचं.

सेंत-मोर चीज लांब दंडगोल असतं, बाहेरून राखेचा करडा थर, आणि आरपार एक काडी, राय धान्याच्या पेंढ्याची. खरं असेल तर काडीवर करणाऱ्याची ओळख कोरलेली असते. मुलांना ती काडी ओढून वाचायला फार आवडतं. चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं, ते चालत नसेल तर आधी विचारून घ्या. आणि पेअर भट्टीत सुकवून, ठोकून चपटे केलेले मिळतात, ते चघळत नदीकाठी बसता येतं.

केपवाला

दक्षिण आफ्रिकेतून एक भर. जगात सगळ्यात जास्त शेनिन इथे आहे, फ्रान्सहूनही जास्त. जुनं नाव 'स्टीन'. पूर्वी बहुतेक माल ब्रँडीसाठी जायचा, आता ३५ वर्षांहून जुन्या वेलींची वेगळी नोंद ठेवून त्यांच्या वाइनवर खास शिक्का लावतात. इथल्या मलाय लोकांचं 'बोबोटी' खाऊन बघा, हळद-मसाल्याचा खिमा, त्यात जर्दाळूचा मुरंबा, वर अंड्याचा थर. त्यावर थोडी गोडसर शेनिन म्हणजे ताईंच्या आमटीचीच चुलत बहीण.

जुना गडी

एक कळकळीची सूचना. मुंबईत एका दुकानातून मी महागडी फ्रेंच पांढरी वाइन घेतली होती, बाटली उभी, काचेच्या शोकेसमध्ये, उन्हाकडे. घरी उघडली तर रंग चहासारखा आणि वास सडक्या सफरचंदाचा. दुकानदाराने परत घेतली नाही. आयात कर धरून बाटलीला जे पैसे पडतात ते बघता थंड खोलीत आडव्या ठेवलेल्या बाटल्याच घ्या. ताई, जुन्या शेनिनचा रंगही गडद होतो ना? मग खराब झालेली ओळखायची कशी?

नदीकाठची

होतो, पण तो सोनेरी, चमकणारा. खराब झालेली तपकिरी आणि निस्तेज दिसते. बुचाखालची पातळी खूप उतरलेली असेल तर घेऊ नका. आणि फार थंड पिऊ नका, फ्रिजमधून काढून वीस मिनिटं थांबा. गारठलेली शेनिन फक्त आंबट लागते, मध-मेण काही बाहेर येत नाही. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये चार-पाच दिवस सहज राहते, माझी आमटीसोबतची दुसऱ्या दिवशी जास्त चांगली होती.

साळुंकी

धागा वर काढतेय, कारण प्रयोग केला.

वूव्रेची बाटली परवडण्यातली नव्हती, म्हणून नाशिकची शेनिन आणली, सुलाची. तीही किंचित गोडसर निघाली. अळूवडी केली, बेसनात चिंच-गूळ जरा सढळ हाताने. नवरा वाइनला नाही म्हणणारा माणूस, त्याने वडीच्या तिसऱ्या तुकड्यानंतर स्वतःहून पेला पुढे केला. वडीचा घशाला लागणारा खवखवीतपणा घोटानंतर जाणवलाच नाही. पेरूचा वास येत होता, ताईंच्या मेण-मधाचा नाही, पण आंबट-गोडाची ती जोडी बरोबर जमली.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या वाइनसोबत आमटी केली, ती मात्र जमली नाही. वाइन एकदम फिकी वाटली. काय चुकलं असेल?

नदीकाठची

किती आनंद झाला म्हणून सांगू!

आमटीत चिंच घातली होती की आमसूल?

साळुंकी

आमसूल. पाच-सहा.

नदीकाठची

मग तेच. दोनच घाला आणि गूळ बोराएवढा वाढवा. मला कळवा.

पिंपळगावचा मळेकरी

साळुंकीताई, शेजारच्या शिवारातली शेनिन जानेवारीअखेर उतरणार आहे. पुण्याहून फार लांब नाही, या. मणी तोंडात टाकून बघा, आंबट किती राहतं ते तिथेच कळेल.